उनकेश्वरचें ऊन पाणी

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव तालुक्यांत गोरेगांव म्हणून गांव आहे. या बाजूला विहीर खणावयास घेतली म्हणजे प्रथम काळी माती लागते, तिच्याखालीं मुरूम लागतो, मग मांजऱ्या लागतो आणि शेवटीं पहारीला दाद न देणारा काळा पाषाण लागतो. हा पाषाण एके काळीं तापलेला, पातळ आणि वाहता होता, असें विहिरीच्या कामावरील गड्याला सांगितलें तर तो पहार खालीं ठेवून सांगणाराच्या तोंडाकडे पाहील. परंतु गोष्ट खरी आहे. सुमारे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून शिलारस बाहेर आला, पुराच्या पाण्याप्रमाणें पसरला आणि निवाला. त्यावर दुसरा लोट आला, त्यावर तिसरा आला. असे थरावर थर बसून महाराष्ट्राची भूमि तयार झाली. आज झीज होऊन उरलेलें त्याचें क्षेत्र अदमासें ५ लक्ष चौरस किलोमीटर भरतें. गोरेगांवचा काळा पाषाण त्यांतलाच एक कण होय.

आतां याच भागांतला एखादा शेतकरी, अंगावर चट्टे उठले किंवा सांधे धरले म्हणजे, घरच्या माणसांना घेऊन उनकेश्वरच्या यात्रेला जातो. तेथें जमिनींतून ऊन पाणी वर येत असतें. खालीं चूल नाहीं, लांकूड नाहीं, धूर नाहीं, आणि पाणी मात्र ऊन! हें पाहून त्याच्या मनांत येतें कीं, ज्या अग्नीनें आपल्या शेतांतला दगड वितळविला, तोच अग्नि अद्याप येथें धुमसत असला पाहिजे. हा तर्क अडाणीपणाचा नव्हे. जगांतील मोठमोठ्या पंडितांनीं एके काळीं हाच तर्क केला होता. तथापि तो बरोबर नाहीं, आणि तो बरोबर नाहीं हें माणसाला कसें कळलें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

हा प्रश्न केवळ पुस्तकी आहे असेंहि कोणी समजूं नये. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं हिंगोली जिल्हा भूकंपाच्या धक्क्यानें हालला. त्याच वर्षीं १० जुलैला पुन्हां धक्का बसला. वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे येथें तर जमिनीच्या पोटांतून गडगडाट ऐकूं येण्याचे प्रकार कित्येक वर्षें चाललेले आहेत. अशा वेळीं गांवच्या पारावर पहिला प्रश्न निघतो तो हाच कीं, खालीं ज्वालामुखी तर जागा होत नाहीं ना? त्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर उनकेश्वरच्या कुंडापासूनच आरंभ करणें सोयीचें आहे.

कयाधू नदी सेनगांव, हिंगोली आणि कळमनुरी या तालुक्यांतून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते. पैनगंगा पुढें सहस्रकुंडाच्या धबधब्यावरून उडी घेते आणि किनवटच्या अरण्याकडे वळते. किनवट हें मुदखेडहून आदिलाबादेस जाणाऱ्या लोहमार्गावरचें गांव. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तोंपर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. तेव्हांपासून तो नांदेड जिल्ह्यांत आहे. याच तालुक्यांत पैनगंगेच्या आश्रयानें उनकेश्वर वसलें आहे. तेथें महादेवाचें जुनें दगडी देवालय आहे, उष्ण पाण्याचीं कुंडें आहेत, आणि यादव राजा रामचंद्रदेव याच्या काळांतला शिलालेखहि आहे. म्हणजे देवगिरीच्या राज्यांत, आजपासून सातशें वर्षांपूर्वीं, हें स्थान लोकमान्य होतें, याला दगडाचीच साक्ष आहे.

हिंवाळ्याच्या पहांटे येथें येणाऱ्या यात्रेकरूला प्रथम दिसते ती कुंडावर तरंगणारी पातळ वाफ. पाणी उकळत नाहीं. माणसाच्या अंगाच्या उष्णतेहून तें थोडेंसेंच अधिक ऊन असतें. परंतु थंडीनें गारठलेला पाय आंत टाकतांच तें फार तापलेलें वाटतें. तळाशीं बुडबुडे उठतात. ते पाहून पुष्कळांना पाण्याला आधण आल्याचा भास होतो. पण ते आधणाचे बुडबुडे नव्हत. त्या बुडबुड्यांची हकीकत पुढें येईल.

स्थानाची कथा अशी सांगतात: शरभंग ऋषींना महाव्याधि जडला होता. वनवासांत असतां श्रीरामचंद्र त्यांच्या आश्रमास आले. ऋषींचें दुःख पाहून त्यांनीं जमिनींत बाण मारला आणि ऊन पाण्याची धार वर काढली. त्या पाण्यानें स्नान करून ऋषि व्याधिमुक्त झाले. मौज अशी कीं, जळगांव जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं उनपदेव म्हणून ऊन पाण्याचें दुसरें स्थान आहे, तेथेंहि शरभंग ऋषि आणि रामबाण यांचीच कथा सांगतात. दोन्ही ठिकाणांमध्यें शेंकडों किलोमीटरांचें अंतर. कथा मात्र एक. कोणती खरी हा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. त्या कथांनीं दोन गोष्टी मात्र नेमक्या टिपल्या आहेत. पहिली ही कीं, हें पाणी खोलवरून, भूमीला पडलेल्या भेगेंतून वर येतें. आणि दुसरी ही कीं, या पाण्यापाशीं फार पूर्वींपासून त्वचारोगानें गांजलेलीं माणसें येत होतीं.

गांवांचीं नांवेंहि मोठीं बोलकीं आहेत. संस्कृत ‘उष्ण’ या शब्दाचें प्राकृतांत ‘उण्ह’ झालें आणि मराठींत ‘ऊन’. उनकेश्वर, उनपदेव, कोंकणांतील उन्हवरें आणि राजापूरजवळचें उन्हाळें या चारहि नांवांच्या मुळाशीं तोच शब्द आहे. उष्णतामापक यंत्राचा शोध लागण्यापूर्वीं लोकांनीं हात घालून जें मोजमाप केलें, तें त्यांनीं गांवाच्या नांवांत नोंदवून ठेविलें.

ऊन पाण्याच्या संपत्तींत मराठवाड्यापेक्षां कोंकण पुष्कळच श्रीमंत. उत्तरेस कोकनेरेंपासून दक्षिणेस राजापुरापर्यंत, सुमारे साडेतीनशें किलोमीटर लांबीच्या पट्ट्यांत, असे झरे अठराएक ठिकाणीं आढळतात. सातिवली, अकलोली, गणेशपुरी, महाडजवळचें सव, उन्हवरें, आरवली, तुरळ आणि राजवाडी हीं त्यांतलीं प्रसिद्ध नांवें. तुरळ-राजवाडीचें पाणी सुमारे ६० अंश सेंटिग्रेड, तर उन्हवऱ्याचें सुमारे ७० अंशांपर्यंत तापलेलें असतें. तेथें धारेखालीं सरळ अंग घालण्याची सोय नाहीं. पाणी निववून घ्यावें लागतें. तानसा नदीच्या कांठचीं अकलोली आणि गणेशपुरी येथील कुंडें वज्रेश्वरीच्या यात्रेमुळें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. वसईची मोहीम चालू असतां चिमाजी आप्पांनीं वज्रेश्वरीला नवस बोलला होता, आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसई सर झाल्यावर तो फेडण्यासाठीं देवीचें किल्ल्यासारखें देऊळ उभें राहिलें, अशी परंपरा आहे.

हे सर्व झरे नकाशावर टिंबांनीं मांडले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट डोळ्यांत भरते. तीं टिंबें वाटेल तशीं विखुरलेलीं नसून समुद्रकिनारा आणि सह्याद्रि यांच्यामधून दक्षिणोत्तर रांग धरून जातात. निसर्गांत जेथें सरळ रांग दिसते तेथें कांहीं तरी कारण असलेंच पाहिजे. परंतु ही रांग दिसण्यासाठीं आधीं कोणी तरी सर्व झरे एकत्र नोंदवावयास हवे होते. तें काम एकोणिसाव्या शतकांत झालें.

त्यापूर्वींच्या कल्पनाहि लक्षांत घेण्याजोग्या आहेत. आपल्या पुराणांनीं समुद्राच्या पोटांत वडवानल मानला. युरोपांत अथानासिउस किर्खर नांवाचा जर्मन पाद्री १६३८ सालीं व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या विवरांत स्वतः उतरला आणि पुढें १६६५ सालीं त्यानें पाताळसृष्टीवर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. पृथ्वीच्या पोटांत अग्नीचीं अनेक कोठारें असून तीं नळ्यांनीं एकमेकांस जोडलेलीं आहेत, आणि त्यांच्या आंचेनेंच उष्ण झरे तापतात, असें त्याचें चित्र होतें. वडवानल आणि किर्खरचीं अग्निकोठारें यांत फारसें अंतर नाहीं. दोघांनींहि दिसणाऱ्या उष्णतेवरून न दिसणारा जाळ कल्पिला.

हिंदुस्थानांत भूस्तर-संशोधनाचें सरकारी खातें १८५१ सालीं टॉमस ओल्डहॅम या आयरिश भूस्तरशास्त्रज्ञाच्या हाताखालीं सुरू झालें. त्यानें देशभरच्या उष्ण झऱ्यांची माहिती गोळा केली; परंतु ती प्रसिद्ध होण्यापूर्वींच, १८७८ सालीं, तो वारला. त्याचा पुत्र रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यानें पित्याचें टिपण नीट लावून १८८२ सालीं छापलें. त्यांत सुमारे ३०० झऱ्यांची यादी होती. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणें, कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांचे भाग निघाले; त्यांतहि स्थानिक ऊन पाण्याच्या नोंदी आल्या. आणखी एक योगायोग असा कीं, याच रिचर्ड ओल्डहॅमनें पुढें १९०६ सालीं, दूरच्या भूकंपांच्या लहरी पृथ्वीच्या पोटांतून कशा वळतात याचा अभ्यास करून, पृथ्वीला वेगळ्या घडणीचा गाभा आहे हें दाखवून दिलें. ज्यानें तरुणपणीं झऱ्यांची यादी लाविली, त्यानेंच उतारवयांत पृथ्वीच्या गाभ्याचा ठाव घेतला.

आतां ज्वालामुखीच्या तर्काकडे वळूं या. ज्वालामुखीच्या आंचेनें तापणारे झरे जगांत नाहींत असें नव्हे. आइसलंड, जपान, न्यूझीलंड आणि अमेरिकेंतील यलोस्टोन येथें ते विपुल आहेत. तेथें जमिनीखालीं थोड्याच किलोमीटरांवर वितळलेला किंवा अगदीं अलीकडे थिजलेला शिलारस असतो. त्यामुळें पाणी नुसतें ऊन न राहतां कारंज्याप्रमाणें उसळतें. आपल्या देशांत अंदमानच्या समुद्रांतील बॅरन बेटावर जागृत ज्वालामुखी आहे. १७८७ सालीं त्याचा उद्रेक नोंदला गेला. पुढें दीर्घ काळ शांत राहून १९९१ सालीं तो पुन्हां जागा झाला. म्हणजे ज्वालामुखीचा अग्नि ही कल्पित वस्तु नव्हे. प्रश्न एवढाच कीं, महाराष्ट्राच्या भूमीखालीं आज तो आहे काय?

याचें पहिलें उत्तर काळाच्या हिशेबांत आहे. १९५९ सालीं हवाई बेटांतील किलावेया इकी या विवरांत शंभर मीटरांहून अधिक खोल असें शिलारसाचें तळें सांचलें. शास्त्रज्ञांनीं त्यांत वेळोवेळीं भोकें पाडून पाहिलें. चाळीस वर्षें उलटण्यापूर्वींच तें तळापर्यंत थिजलें होतें. शंभर मीटरांच्या तळ्याची ही गति, तर ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या थरांत ऊब कोठून उरणार? शिवाय ज्या उगमांतून तो शिलारस आला, तोहि आपल्याखालीं राहिलेला नाहीं. भरतखंडाचा भूपट्ट तेव्हांपासून उत्तरेकडे सरकत आला आहे. आणि तो उगम आज हिंदी महासागरांतील रेयुनियों बेटाखालीं आहे, असें बहुतेक भूस्तरशास्त्रज्ञ मानतात. चूल जागच्या जागीं राहिली आणि तिच्यावरचा तवा हजारों किलोमीटर दूर गेला, असाच हा प्रकार आहे.

दुसरें उत्तर मराठवाड्याच्या भूमीनेंच दिलें आणि तें फार महाग पडलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर जिल्ह्यांत किल्लारी येथें भूकंप होऊन हजारों माणसें घरांच्या ढिगाऱ्याखालीं गेलीं. त्यानंतर तेथें भूगर्भांत ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यांत आलें. ३३८ मीटरांपर्यंत आपला परिचित काळा पाषाण लागला. त्याखालीं जुन्या गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटजातीचा खडक. पुढें कोयनेच्या परिसरांत, १९६७ च्या भूकंपाचें मूळ शोधण्यासाठीं, याहून खोल छिद्रें घेतलीं. रासाटी येथें ९३३ मीटरांवर काळा पाषाण संपला आणि तेथेंहि खालीं ग्रॅनाइटच निघाला. कोठेंहि धगधगती भट्टी आढळली नाहीं. भूकंप झाला तो जुन्या खडकांतील ताण सुटून, ज्वालामुखी जागा होऊन नव्हे. हिंगोलीच्या धक्क्यांना हाच न्याय लागू आहे. ज्वालामुखीची भीति सोडावी; मात्र दगडमातीच्या जड भिंतींची आणि माळवदांची काळजी अवश्य घ्यावी, हाच किल्लारीचा धडा होय.

मग पाणी तापतें कशानें? या प्रश्नाच्या उत्तराची पहिली ओळ गोरेगांवच्या विहिरींतच वाचावयास मिळते. हिंवाळ्यांत विहिरीचें पाणी कोमट लागतें आणि उन्हाळ्यांत थंड, हें घरोघरच्या स्त्रियांना ठाऊक आहे. वस्तुतः पाणी बदलत नसतें. बदलते ती बाहेरची हवा. जमिनीखालीं कांहीं मीटरांवर ऋतूंचा प्रभाव संपतो आणि उष्णतामान बारमास जवळजवळ एकच राहतें. त्याच्याखालीं मात्र जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढत जाते. सर्वसाधारणपणें दर किलोमीटरास २५ ते ३० अंश, हें तिचें प्रमाण. यासाठीं ज्वालामुखी लागत नाहीं. पृथ्वीच्या पाठीवर कोठेंहि खोल छिद्र घ्या, हा अनुभव येतोच.

ही उष्णता कोठून येते? तिचा एक भाग पृथ्वीच्या जन्माच्या वेळचा आहे; तो अद्याप हळूहळू बाहेर पडत आहे. एकोणिसाव्या शतकांतील लॉर्ड केल्व्हिनसारख्या पदार्थविज्ञान-शास्त्रज्ञांना एवढाच भाग माहीत होता. १८९६ सालीं बेक्रेल यानें किरणोत्सर्गाचा शोध लाविला, आणि १९०३ सालीं प्येर क्यूरी आणि त्याचा सहकारी लाबोर्द यांनीं रेडियम धातु स्वतःहून सतत उष्णता देत असतो हें मोजून दाखविलें. तेव्हां उष्णतेचें दुसरें भांडार हातीं लागलें. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे सूक्ष्म अंश खडकांत सर्वत्र विखुरलेले असतात. ग्रॅनाइटांत ते विशेष असतात. त्यांच्या विघटनापासून निपजणारी ऊब अत्यंत थोडी, परंतु ती कोट्यवधि वर्षें अखंड चाललेली. ज्वाला नाहीं, धूर नाहीं. तरी खडक उबदार राहतो. किल्लारीस आणि कोयनेस जो ग्रॅनाइट लागला, तो अशा प्रकारें स्वतःच एक मंद शेगडी आहे.

आतां पाण्याचा प्रवास पाहूं. पाऊस पडतो. त्यांतलें बहुतेक पाणी ओढ्यानाल्यांनीं वाहून जातें, कांहीं मुरून विहिरींना मिळतें, आणि अगदीं थोडें पाणी खडकाच्या बारीक सांध्यांतून खालीं, आणखी खालीं, झिरपत राहतें. हा प्रवास फार मंद. त्याला कित्येक मनुष्यपिढ्या पुरत नाहींत. समजा, २८ अंशांचें पाणी दोन किलोमीटर खोल पोंचलें. दर किलोमीटरास २५ अंश धरले तरी तेथील खडक ७८ अंशांचा झाला. पाणी त्याच्या संगतीनें तितकेंच तापतें. तापलें कीं हलकें होतें. शिवाय उंच प्रदेशांत मुरलेल्या मागच्या पाण्याचा दाब त्याला रेटीत असतो. अशा स्थितींत त्याला एखादी मोठी, खोल आणि उघडी भेग सांपडली तर तें त्या वाटेनें वर चढतें. हें सारें एखाद्या रहाटगाडग्यासारखें आहे. गाडगीं रिकामीं खालीं जातात, भरून वर येतात. पाणी थंड खालीं जातें, ऊन होऊन वर येतें. वर येण्याची वाट जितकी मोकळी तितकें तें कमी निवतें. वाटेंत जर तें वरच्या थंड पाण्यांत मिसळलें तर कोमट होऊन बाहेर पडतें. उन्हवरें आणि उनकेश्वर यांच्या पाण्यांत जो फरक आहे, त्याचीं कारणें अशींच वाटेच्या खोलींत आणि मोकळेपणांत शोधावीं लागतात.

म्हणूनच भेग ही या गोष्टींतील खरी नायिका होय. कोंकणांतील झऱ्यांची रांग सरळ कां, याचें उत्तर येथें मिळतें. शिलारसाचे लोट ओसरण्याच्या सुमारास भरतखंडाच्या पश्चिम कडेपासून सेशेल्स बेटांचा भूभाग तुटून वेगळा झाला. त्या ताणानें किनाऱ्याला समांतर अशा खोल भेगा पडल्या. एका बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावरचा प्रचंड पाऊस, दुसऱ्या बाजूला खालच्या पट्टींतील या भेगा. मग ऊन पाणी वर आलें यांत नवल तें काय? उनपदेव सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे; तेथेंहि तापीच्या खोऱ्याला धरून जुन्या मोठ्या भेगा गेलेल्या आहेत. किनवटच्या बाजूला काळ्या पाषाणाचें आच्छादन पातळ होत जाऊन त्याखालचे प्राचीन ग्रॅनाइट आणि चुनखडक उघडे पडूं लागतात. जुन्या आणि नव्या खडकांच्या अशा कांठावर पाण्याला वाट मिळणें सोपें जातें. गोरेगांवांत ऊन पाणी नाहीं, याचा अर्थ तेथें खालीं उष्णता नाहीं असा नव्हे. उष्णता सर्वत्र आहे. तिथपर्यंत जाऊन परत येण्याची वाट मात्र क्वचित् ठिकाणींच आहे.

हें पाणी पावसाचेंच कशावरून? त्याला पुरावा आहे, आणि येथेंच त्या बुडबुड्यांची हकीकत येते. अशा झऱ्यांतून निघणारा वायु तपासला असतां तो बहुधा नायट्रोजन, म्हणजे हवेंतलाच मुख्य वायु, ठरतो. पावसाच्या थेंबाबरोबर हवा विरघळून जमिनींत जाते. तिच्यांतील प्राणवायु खडकांशीं संयोग पावून खर्ची पडतो. नायट्रोजन मात्र कोणाशीं फारसा संबंध न ठेवतां जसा गेला तसा परत येतो. तो बुडबुडा म्हणजे त्या पाण्यानें पूर्वीं कधीं तरी आभाळ पाहिलें होतें याची खूण होय. पुढें पाण्यांतील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे हलके-जड अणु मोजण्याची कला साधली, तेव्हां कोंकणच्या झऱ्यांचें मूळ पावसांतच आहे हें अधिक पक्कें झालें. पाण्यांत विरघळलेल्या सिलिकेवरून तें खालीं किती तापलें होतें याचाहि अंदाज बांधतात. कोंकणांत तो शंभर अंशांच्याहि वर जातो. भारत सरकारनें १९६६ सालीं उष्ण झऱ्यांच्या पाहणीसाठीं एक समिति नेमली आणि त्यानंतर कोंकणांत छिद्रें घेऊन संशोधनहि झालें. इटलींत लार्देरेल्लो येथें १९०४ सालींच भूगर्भांतील वाफेवर विजेचे दिवे लागले होते. तसें कांहीं आपल्याकडे साधेल काय, हा त्यामागील हेतु होता.

येथपर्यंत पाण्याची गोष्ट झाली. परंतु उनकेश्वरला येणाऱ्या माणसांची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. शरभंग ऋषींच्या कथेनें पिढ्यानुपिढ्या महारोग्यांना या कुंडाकडे ओढून आणलें. ज्याला गांवानें वेशीबाहेर काढलें, घरानें ओसरीवरून उठविलें, त्याला ‘तुझ्यासारख्याच एका ऋषीला येथें देवानें जवळ केलें’ असें सांगणारी ती कथा होती. या दृष्टीनें तिनें जें दिलें तें लहान नव्हे. ऊन पाण्यानें आंखडलेले सांधे मोकळे होतात, कातडी मऊ पडते, मळ आणि खपल्या निघतात, झोंप चांगली लागते. हा लाभ खरा आहे.

परंतु महारोगाचें मूळ एका सूक्ष्म जंतूंत आहे, हें नॉर्वेचा वैद्य हान्सेन यानें १८७३ सालीं दाखवून दिलें. आणि तो जंतु कुंडांतील स्नानानें मरत नाहीं. एवढेंच नव्हे, तर ऊन पाणी या रोग्याला अपायहि करूं शकतें. या रोगांत हातापायांची संवेदना जाते. चटका बसला तरी रोग्याला तो कळत नाहीं; आणि नकळत भाजलेल्या पायाची जखम चिघळून बोटें झडतात. उन्हवऱ्यासारख्या ७० अंशांच्या धारेपाशीं तर हा धोका फारच मोठा. तेव्हां ज्याला जें पाणी औषध म्हणून सांगितलें, त्यालाच तें घातक ठरण्याचा संभव!

ज्यांनीं हें ओळखलें त्यांनीं कथेची थट्टा केली नाहीं. त्यांनीं कथेंतलें काम हातीं घेतलें. मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें महारोग्यांची सेवा आरंभिली. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं वरोड्याजवळ आनंदवनाचा पाया घातला. पैनगंगा पुढें जाऊन ज्या वर्धा नदीला मिळते, तिच्याच खोऱ्यांत हीं दोन्ही स्थानें आहेत. पुढें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति निघाली. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिची शिफारस केली. या उपचारानें महारोग निश्चित बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत तो विनामूल्य मिळतो. चट्टा लहान असतांना, बधिरता हातापायांत उतरण्यापूर्वीं, औषध सुरू झालें तर व्यंग येत नाहीं. यात्रेंत गेलेले चार महिने म्हणजे कधीं कधीं हाताचीं चार बोटें होत. म्हणून अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसतांच आधीं दवाखान्यांत जावें; उनकेश्वराचें दर्शन मागाहून घ्यावें. देव त्याबद्दल रागावणार नाहीं.

कुंडांनाहि आतां माणसाच्या विवेकाची गरज आहे. जें पाणी अनेक पिढ्यांपूर्वीं पाऊस होऊन पडलें, तें आज वर येत आहे. त्याची वाट एका अरुंद भेगेवर अवलंबून असते. झऱ्याच्या अगदीं जवळ खोल कूपनलिका घेतल्या, किंवा शोभेसाठीं उगमावरच सिमेंट ओतलें, तर ती वाट बदलण्याचा किंवा बुजण्याचा संभव असतो. साबणाचा फेंस, निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांनीं तर उगमाचें तोंड अशुद्ध होतेंच. सातशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं येथें दगड घडविले, त्यांनीं पाण्याला येण्याची आणि जाण्याची वाट मोकळी ठेविली होती. तितकें तरी आपल्याकडून व्हावें.

गोरेगांवच्या शाळेंतील मुलांना हा सारा इतिहास शिकविण्यास मोठी साधनें नकोत. एक साधा उष्णतामापक, एक लांब दोरी, एक उघडी विहीर आणि एक खोल कूपनलिका एवढें पुरे. पौष महिन्यांत आणि वैशाख महिन्यांत विहिरीचें पाणी मोजावें, हवाहि मोजावी. मग कूपनलिकेचें पाणी बराच वेळ उपसून तें मोजावें, आणि आंकडे फळ्यावर लिहावे. त्या आंकड्यांतील थोडासा फरक ज्याला समजला, त्याला पुढें कधीं आई-बापांबरोबर उनकेश्वरला जाण्याचा योग आला तर कुंडांत पाय टाकतांना भीति वाटणार नाहीं. हें पाणी आपल्याच आभाळांतून पडलें, आपल्याच खडकांतून खोल गेलें आणि भूमीची ऊब घेऊन परत आलें, हें त्याला ठाऊक असेल. आणि शेजारच्या पायरीवर एखादा रोगी बसला असेल तर त्याला दवाखान्याची वाटहि तो सांगूं शकेल.